लिंबाची पानं आणि राणी पाकोळी

जून २०१५ मध्ये महाराष्ट्राने ब्लू मॉरमॉन या फुलपाखराला राज्य फुलपाखराचा मान दिला. असा मान देणारं हे देशातलं पहिलं राज्य. शेकरू, हरियाल, आंबा आणि तामण यांच्या पंगतीला एक फुलपाखरू येऊन बसलं, याचा मला फार आनंद झाला होता. 'राणी पाकोळी' हे नाव तेव्हापासून लोकांच्या तोंडी आलं. पुढे राज्य जैवविविधता मंडळाच्या मराठी नावांच्या यादीत तिला 'नीलवंत' म्हटलं गेलं. आमच्या घरात मात्र राणी पाकोळीच रुळलं आहे, म्हणून इथेही तेच वापरते.

सावंतवाडी तालुक्यात आमचं घर आहे. मागे परडं, परड्याच्या गडग्यापलीकडे वहाळ, आणि वहाळ ओलांडला की डोंगराचा चढ. या एवढ्या पट्ट्यात राणी पाकोळी अंडं घालते, वाढते, जोडीदार शोधते आणि मरते. शाळेत मुलांना विज्ञान शिकवत होते तेव्हापासून मी ते पाहत आले आहे. लोक मला विचारतात, "ती दिसते कधी, येते कुठून, आमच्याकडे का येत नाही?" त्या प्रश्नांची मला सापडलेली उत्तरं इथे मांडते.

१. निळ्या रंगाआधी तिची चाल ओळखायला शिका.

उघड्या पंखांची रुंदी १२ ते १५ सेंटीमीटर. वरून काळेभोर पंख, मागच्या पंखांचा बाहेरचा मोठा भाग फिकट निळा, त्यावर काळे ठिपके. पुढच्या पंखांवर त्याच निळ्याचे लांबट पट्टे. पंख मिटून बसली की खालच्या बाजूला, पंखांच्या अगदी मुळाशी, लाल ठिपके दिसतात. हे पुस्तकातलं वर्णन झालं. रानात ती अशी पसरून बसलेली क्वचितच मिळते. डोळ्यांसमोरून एक मोठं, काळं, वरखाली हेलकावणारं काहीतरी जातं, सावलीतून उन्हाच्या कवडशात येतं तेव्हा निळं चमकतं आणि पुन्हा काळं होतं. ती सरळ रेषेत उडत नाही. झाडांच्या बुंध्यांमधून, साधारण माणसाच्या डोक्याच्या उंचीवरून, वाट सोडून वाटेवर परत येत जाते. एकदा ही चाल डोळ्यांत बसली की लांबूनही चूक होत नाही.

सह्याद्रीत तिच्याहून मोठं फुलपाखरू म्हणजे सदर्न बर्डविंग. त्याचे मागचे पंख पिवळेधमक असतात आणि ते पुष्कळदा झाडांच्या शेंड्यांवरून तरंगत जातं. कर्नाटकाने राज्य फुलपाखरू म्हणून त्याची निवड केली. आंबोलीच्या घाटात ही दोन्ही दिसू शकतात. पिवळं दिसलं तर बर्डविंग, निळं दिसलं तर राणी पाकोळी, इतकं मुलांना सांगितलं की पुरतं.

आणखी एक. ही स्वॅलोटेल कुळातली असली तरी तिच्या मागच्या पंखांना शेपटी नसते. तिच्या सख्ख्या नात्यातल्या कॉमन मॉरमॉनला असते.

२. फुलांवर ती पोटापुरती येते; तिचं घर पानावर असतं.

जास्वंद, एक्झोरा, पॅगोडा, रानातली शेरवड म्हणजे भुतकेस, माळावरची घाणेरी, या सगळ्यांवर ती मधासाठी येते. आपण बागेत फुलझाडं लावतो आणि फुलपाखरांची वाट पाहतो. फुलपाखरं येतातही. पण ती आलेली असतात दुसरीकडून. तिथे, जिथून ती आली, कुठल्यातरी पानावर अंडं घातलं गेलं होतं आणि कुणीतरी ते पान खाऊ दिलं होतं. हे मला वाचून कळलं होतं, पण मनावर ठसलं ते परड्यातल्या पपनसामुळे. आमच्या दारात जास्वंदी भरपूर आहेत. शेजारच्या दोन घरांतही आहेत. तरीही मादी घिरट्या घालताना दिसते ती आमच्याच परड्यात, पपनसाच्या खालच्या, सावलीतल्या फांद्यांपाशी.

तिची अळी लिंबाच्या कुळातली पानं खाते. पपनस, लिंबू, आणि रानात माकडलिंबू. माकडलिंबू हे काटेरी, सदाहरित झुडूप. पान चुरगळलं की लिंबाचाच वास. सह्याद्रीच्या रानात, देवरायांत, वहाळाच्या काठांवर ते मोठ्या झाडांच्या सावलीत वाढतं. माणसाने लिंबाची बाग लावण्याआधी राणी पाकोळी ज्यांवर जगत होती त्या रानझाडांपैकी हे एक, आणि आजही डोंगरातल्या पाकोळ्यांना त्याचा मोठा आधार आहे.

ठाण्याजवळ ओवळे गावातली ओवळेकर वाडी पुष्कळांनी पाहिली असेल. घरची शेतजमीन फुलपाखरांसाठी राखलेली ती जागा. तिथे फुलझाडांच्या बरोबरीने अळ्यांच्या खाद्यवनस्पती मुद्दाम लावल्या आणि जपल्या आहेत. पलीकडेच येऊरचं आणि संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाचं जंगल. एका बाजूला जंगल आणि दुसऱ्या बाजूला पानं खाऊ देणारी वाडी असली, की घोडबंदर रस्त्याच्या इतक्या वाहतुकीशेजारीही फुलपाखरं टिकतात. मुंबईत भर रस्त्यावर, सिग्नलला थांबलेल्या गाड्यांवरून राणी पाकोळी उडत जाताना पाहणारे लोक आहेत. तीही अशाच कुठल्यातरी पपनसावरून किंवा माकडलिंबावरून निघालेली असते.

३. मादीला वेळ द्या.

मातीवर आणि रस्त्याकडेला आपल्याला दिसतात ते बहुतेक नर. मादी रानाच्या आतल्या भागात, खाद्यझाडांच्या आसपास असते. तिचा निळा रंग नरापेक्षा फिका, थोडा पांढरटपणाकडे झुकणारा असतो. अंडं घालायला आलेली मादी ओळखायची खूण अशी: ती फुलाकडे ढुंकून पाहत नाही. पानापानावर उतरते, क्षणभर पुढचे पाय पानावर बडवते आणि उठते. तिच्या पायांना चव कळते. पानातली रसायनं पायांनीच तपासून हे आपल्या पिल्लाचं झाड आहे की नाही ते ती ठरवते. कितीतरी पानं नाकारून मग एखाद्यावर पोटाचं टोक वाकवते आणि एक अंडं ठेवून जाते. एका पानावर एकच. सगळी अंडी एका ठिकाणी घातली असती तर एखाद्या मुंगीच्या रांगेने किंवा कोळ्याने सगळी संपवली असती, आणि अळ्यांना पानंही पुरली नसती.

अंडं वाटोळं, गुळगुळीत, मोहरीहून लहानच म्हणायचं. आधी फिकट हिरवट आणि नंतर पिवळट-नारिंगी होत जातं. ते शोधायचं तर मादी निघून गेल्यावर त्याच पानाशी जा. आधीपासून झाड धुंडाळत बसलं तर हाती काही लागत नाही. आणि ती घिरट्या घालत असताना जवळ जाऊ नका. ती घाबरून गेली तर परतेलच असं नाही, आणि तिचं आयुष्य काही आठवड्यांचंच असतं.

४. अळी दोनदा वेषांतर करते आणि दोन्ही वेळा पक्षी फसतात.

या प्राण्याच्या आयुष्यातलं मला सगळ्यांत थोर वाटणारं प्रकरण हेच आहे, म्हणून थोडं सविस्तर लिहिते.

अंड्यातून बाहेर पडलेली अळी पहिल्यांदा अंड्याचं कवच खाते. मग पानाच्या वरच्या बाजूला, मधोमध, रेशमाचा बारीक थर विणून त्यावर बसते. उघड्यावर, सगळ्यांना दिसेल अशी. पण दिसतं काय, तर पक्ष्याची विष्ठा. तपकिरी, तेलकट चमक असलेलं अंग आणि त्यावर पांढरे डाग. बुलबुल, शिंपी, चष्मेवाला हे सगळे पक्षी त्याच झाडावर वावरतात आणि त्या पानाकडे पाहून पुढे जातात. अळी चार वेळा कात टाकते. चौथी कात पडेपर्यंत हाच वेष असतो.

पुढे अडचण अशी येते, की अळी मोठी झाली की विष्ठेचं सोंग चालत नाही. एवढी मोठी विष्ठा कुणाची असणार? म्हणून शेवटच्या काते­नंतर ती एकदम हिरवी होते. पानाशी मिळून जाणारा हिरवा रंग, बाजूंना निळसर-पांढऱ्या तिरप्या पट्ट्या, आणि छातीच्या फुगीर भागावर दोन डोळे. ते डोळे खोटे. खरं डोकं लहानसं असतं आणि ती ते खाली दुमडून ठेवते. समोरून पाहिलं तर एखाद्या लहान सापाचं तोंड वाटावं. जपानी संशोधकांनी याच गणातल्या दुसऱ्या एका फुलपाखरावर, पॅपिलिओ झूथसवर, अभ्यास करून २००८ मध्ये दाखवून दिलं की हा बदल एका संप्रेरकाच्या हातात असतो. अळीच्या अंगातलं जुव्हेनाइल हॉर्मोन कमी झालं की पुढच्या कातेला हिरवा वेष येतो. ते बाहेरून लावून प्रमाण वाढतं ठेवलं तर अळी विष्ठेच्याच वेषात राहते. आमच्या परड्यात घडणाऱ्या गोष्टीची किल्ली अशी हजारो मैलांवर सापडली, हे वाचलं त्या दिवशी मी वर्गात दुसरं काही शिकवलं नाही.

इतकं करूनही कुणी फसलं नाही आणि अळीला डिवचलं, तर डोक्यामागून एक लालसर, ओलसर, दोन टोकांचा अवयव झटकन बाहेर येतो. बरोबर उग्र, आंबूस वास. मोठ्या अळीच्या या वासात आयसोब्युटिरिक आम्लासारखी आम्लं असतात. मुंग्या आणि छोट्या भक्षकांना ती दूर ठेवतात. मुलांना हे एकदा दाखवायला हरकत नाही, पण पुन्हापुन्हा डिवचू देऊ नका. तिला त्याचा त्रास होतो आणि तेवढा वेळ खाणं थांबतं.

गांधीलमाश्या, परोपजीवी माश्या, टोळधाडीसारख्या येणाऱ्या मुंग्या, कोळी, सरडे. अंड्याला ट्रायकोग्रामा नावाची डोळ्यांना जेमतेम दिसणारी माशी. इतक्या सगळ्यांतून वाचून फुलपाखरू होणारी अंडी फार थोडी असतात. म्हणून झाडावर चार अळ्या दिसल्या की झाड संपणार, ही भीती खरी नाही. निसर्गात त्यांची वजाबाकी आधीच चालू असते.

५. औषध मारण्याआधी झाडाचं वय पाहा.

शेजारचे भाऊ एकदा गडग्यावरून म्हणाले, "वयनी, लिंबाक कीड लागली हा, औषध मारूक होया." मी म्हटलं, "झाड मोठा आसा, काय होवचा नाय." आणि खरंच काही झालं नाही. मोठ्या लिंबाने, मोठ्या पपनसाने पावसाळ्यात गमावलेली पानं पुढच्या पालवीत भरून काढली. फळ धरण्यात काही फरक पडला नाही.

पण सरसकट सगळ्यांना हाच सल्ला देणं मला योग्य वाटत नाही. नुकतं लावलेलं कलम किंवा रोपवाटिकेतलं वीतभर रोप असेल तर दोन मोठ्या अळ्याही ते बोडकं करू शकतात. संत्र्या-मोसंबीच्या बागा जिथे पोटापाण्याचा प्रश्न आहेत, तिथे शेतकऱ्याची काळजी खरी आहे. मात्र तिथे मुख्य त्रास असतो तो लाइम बटरफ्लाय या दुसऱ्या फुलपाखराच्या अळ्यांचा. त्याचं फुलपाखरू पिवळट-काळं, ठिपक्याठिपक्यांचं, आकाराने लहान, आणि उघड्या उन्हात हिंडणारं. राणी पाकोळीला सावली लागते, ती मोकळ्या बागांमध्ये मोठ्या संख्येने अंडी घालत नाही. ओळखायला सोपं म्हणजे मोठी झालेली अळी: लाइमच्या हिरव्या अळीवर काळपट-तपकिरी तिरपे पट्टे, राणी पाकोळीच्या अळीवर निळसर-पांढरे, आणि ती चांगलीच जाडजूड.

रोप लहान असेल तर अळी पानासकट उचलावी आणि मोठ्या पपनसाच्या पानावर नेऊन ठेवावी. जुनं पान वाळू लागलं की ती आपणहून नव्यावर सरकते. हे काम मुलं आनंदाने करतात. फवारा मारला तर अळीबरोबर ट्रायकोग्रामाही मरते, कोळीही मरतात, आणि पुढच्या वेळी कीड जास्त जोमाने येते. घरच्या चार झाडांना रासायनिक औषधाची गरज नाही, असं माझं ठाम मत आहे.

६. कोष दिसला तर तसाच राहू द्या.

पोट भरलेली अळी एक दिवस खाणं सोडते आणि चालू लागते. कधी त्याच झाडावर, कधी गडग्यावर, कधी पडवीच्या खांबावर जाते. शेपटाकडचं टोक रेशमाने चिकटवते, कमरेभोवती रेशमाचा एक दोरा घेते आणि त्यावर मागे रेलून स्थिर होते. हिरव्या फांदीवर कोष हिरवा होतो, सुक्या काटकीवर किंवा दगडावर तपकिरी. तो तोडून बरणीत ठेवायचा मोह होतो. ठेवू नये. बंद बरणीत दमटपणा साचून बुरशी येते, आणि फुलपाखरू बाहेर आल्यावर पंख लोंबकळत पसरायला त्याला जागा लागते. पंख मुडपलेले असताना सुकले तर ते कायमचे तसेच राहतात. अंड्यापासून फुलपाखरापर्यंत सगळं मिळून महिना-दीड महिना जातो, हवेप्रमाणे कमीजास्त.

फुलपाखरू बहुधा सकाळी बाहेर येतं. ते पाहायचं असेल तर कोष काळपट होऊन आतले पंख दिसू लागले की दुसऱ्या दिवशी लवकर उठा.

७. वहाळाकाठची ओली माती ही तिची गरज आहे.

पाऊस ओसरला, ऊन पडलं, की वहाळाच्या काठच्या ओल्या वाळूवर नर उतरतात. कधी एकटा, कधी दुसऱ्या जातींच्या फुलपाखरांबरोबर. अशा वेळी पंख स्थिर असतात आणि सोंड वाळूत खुपसलेली असते. याला फुलपाखरांचे अभ्यासक चिखलपान म्हणतात. मधात साखर असते, पण सोडियम आणि नायट्रोजन फार कमी. ते त्यांना ओल्या मातीतून, गुरांच्या मुताने भिजलेल्या जागेतून मिळतं. मिलनाच्या वेळी नर ते क्षार मादीला देतो आणि त्यांचा उपयोग अंड्यांना होतो. म्हणजे पपनसाच्या पानावर ठेवलेल्या त्या इवल्या अंड्यात आमच्या वहाळाची मातीसुद्धा असते.

छायाचित्र काढायचं असेल तर हीच वेळ. फुलावर बसली तरी ती पुढचे पंख सारखे फडफडवत राहते, फोटो हलतो. चिखलावरचा नर मात्र आपल्यात दंग असतो. सूर्य डोक्यावर येण्याआधी, आपली सावली त्याच्यावर पडणार नाही अशा बाजूने, वाकून हळू जा.

इथे एक गोष्ट कळकळीने सांगायची आहे. वहाळाच्या काठाला सिमेंटची भिंत बांधली की ही ओल जाते. गावोगाव 'सुशोभीकरण' या नावाखाली वहाळांचे काठ बांधून काढले जात आहेत. त्यातल्या काही ठिकाणी पूर येतो, घरं वाचवायला भिंत हवीच, हे मी मान्य करते. जिथे घरं नाहीत, तिथे तरी काठाची माती आणि झुडुपं शिल्लक ठेवा.

८. जुन्या नोंदी वाचा, त्या आपल्याच शेजारच्या आहेत.

आमच्यापासून दक्षिणेला, गोव्यापलीकडे, कारवार. तिथे एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी तीन ब्रिटिश अधिकारी फुलपाखरांच्या अळ्या पाळत असत. जेम्स डेव्हिडसन जिल्हाधिकारी, थॉमस बेल वनखात्यात, एडवर्ड एटकेन मीठ आणि जकात खात्यात. १८८३ मध्ये मुंबईत स्थापन झालेल्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या संस्थापकांपैकी एटकेन एक. या तिघांनी उत्तर कानडा जिल्ह्यातल्या फुलपाखरांवर १८९६ पासून त्या संस्थेच्या नियतकालिकात लेखमाला लिहिली. कुठली अळी कुठल्या झाडावर, ती कशी दिसते, कोष कसा बांधते, अशा बारकाईच्या नोंदी त्यात आहेत. आज फुलपाखरांचे जे कोणी अभ्यासक आहेत ते या पायावर उभे आहेत. विंटर-ब्लाइथ यांचं १९५७ चं पुस्तक, आयझॅक केहिमकर यांचं २००८ चं, आणि मूळच्या पुण्याच्या कृष्णमेघ कुंटे यांचं द्वीपकल्पीय भारतातल्या फुलपाखरांवरचं, ही माझ्या टेबलावरून कपाटात कधी जात नाहीत. कुंटे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१४ मध्ये कॉमन मॉरमॉनच्या माद्या विषारी फुलपाखरांचं रूप कसं घेतात त्यामागचा जनुक शोधला. कढीलिंबावर ज्याच्या अळ्या आपण रोज पाहतो, त्या फुलपाखराची ही गोष्ट आहे.

मराठीत घरच्या परड्यातल्या अशा नोंदी फार थोड्या आहेत. कुठल्या महिन्यात पहिली राणी पाकोळी दिसली, अळी कुठल्या झाडावर सापडली, एवढं एका वहीत तारखेसह लिहिलं तरी पुढच्या माणसाला उपयोगी पडेल. आमच्याकडे ती वर्षभर तुरळक असते, आणि पावसाच्या मध्यापासून दिवाळीपर्यंत सगळ्यांत जास्त. तुमच्याकडे कसं आहे, ते तुम्हीच लिहू शकता.

९. डोंगर हिरवा दिसतो म्हणून रान शाबूत आहे असं समजू नका.

सिंधुदुर्गातले पुष्कळसे डोंगर खासगी मालकीचे आहेत. तिथलं मिश्र रान तोडून काजू लावला जातो. दोडामार्गाकडे रबर आणि अननस आला. लांबून पाहिलं तर सगळं हिरवंच. पण आत जाऊन पाहिलं तर मोठ्या झाडांखालचा थर नाहीसा झालेला असतो. माकडलिंबू, शेरवड, भारंगी, वेली, रोपटी, सगळं 'झाडी' म्हणून साफ केलेलं. राणी पाकोळी जगते ती याच थरात. वरची छत्री तिला ऊन अडवायला हवी, पण खायला आणि अंडी घालायला खालचं झुडूप हवं. जे वाचलं ते फाल्गुनात लावलेल्या वणव्यांत जातं. कोरड्या पाचोळ्याबरोबर कोषही जळतात.

काजू लावणाऱ्या माणसाला मी दोष देत नाही. त्याला घर चालवायचं आहे. पण बागेच्या कडेला, वहाळाच्या दोन्ही अंगांना, एक रानपट्टा ठेवला तर उत्पन्नात मोठी घट येत नाही, आणि परागीकरण करणाऱ्या माश्यांना निवारा मिळतो, ज्यांची काजूलाही गरज असते. आमच्या गावच्या देवराईत अजून माकडलिंबाची जुनी झुडुपं आहेत, कारण तिथली काटकीसुद्धा कुणी आणत नाही. देवाच्या भीतीने जे राखलं गेलं ते आता समजून राखायची वेळ आली आहे. देवराईत नव्या मंदिरासाठी फरशी घालायचा विषय निघाला, की गावातल्या मुली-सुनांनी सभेत बोललं पाहिजे.

तिरफळाचं झाड परड्यात असेल तर तेही तोडू नका. बांगड्याच्या तिखल्यात पडणारं तिरफळ ज्या झाडाचं, त्याच झाडाच्या पानांवर मलबार बँडेड पीकॉकच्या अळ्या वाढतात. केरळने तेच राज्य फुलपाखरू निवडलं आहे.

१०. मान दिला, आता जागा द्या.

राज्य फुलपाखरू जाहीर झाल्यापासून टपऱ्यांवर, भिंतींवर, शाळांच्या फलकांवर राणी पाकोळीचं चित्र दिसू लागलं, ते चांगलंच झालं. मुलांना नाव कळलं. पण आजही रोपवाटिकेत जाऊन माकडलिंबू मागितला तर बहुतेक ठिकाणी मिळत नाही. वनखात्याच्या, सामाजिक वनीकरणाच्या रोपवाटिकांनी तो तयार करावा, शाळांना आणि ग्रामपंचायतींना द्यावा. तो मिळेपर्यंत तुमच्या परसात, सोसायटीच्या कोपऱ्यात, विहिरीजवळच्या सावलीत पपनसाचं एक रोप लावा. गॅलरीत कुंडीतलं लिंबू असेल तर तेही चालेल. श्रावणापासून कार्तिकापर्यंत त्याच्यावर कसलाही फवारा मारू नका, आणि रोप मोठं झालं की पानं खाल्लेली दिसली तर ती खाऊ द्या.